वर्ध्याचे दोन पत्ते

सेवाग्रामच्या आश्रमात 'बापू दफ्तर' म्हणून एक कुटी आहे. मातीच्या भिंती, वर कौले, आत बसकी मेजे. तिथे दोन वस्तू पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे साप धरायचा लाकडी चिमटा आणि धरलेला साप ठेवायचा पिंजरा. आश्रमात साप मारायचा नाही असा नेम होता, म्हणून त्याला धरून लांब सोडून देत. दुसरी वस्तू म्हणजे टेलिफोन. व्हाइसरॉय लिनलिथगोला गांधीजींशी बोलायची गरज पडायची आणि सेवाग्राम म्हणजे त्या काळी पावसाळ्यात बैलगाडीचे चाक रुतून बसणारे खेडे. म्हणून सरकारने तिथवर तार ओढून आणली. सहलीला आलेली शाळेची पोरे चिमट्यापाशी थांबतात, फोनकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला मात्र हा फोन गमतीचा वाटतो. ज्या सरकारने तो बसवला, त्याच सरकारचे एक खाते त्याच पत्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची टिपणे ठेवत होते.

त्या खात्याची ही गोष्ट आहे. कादंबऱ्यांमधून आणि सिनेमांतून आपल्याला गुप्तहेर संघटना भेटतात त्या बहुधा कुठल्या तरी काल्पनिक देशाच्या असतात. त्यांचे मुख्यालय जमिनीखाली असते आणि प्रमुखाचे नाव कुणाला ठाऊक नसते. खऱ्या खात्याचे काम त्या मानाने फार कंटाळवाणे. कोण कोणत्या गाडीने उतरला, कुणाच्या घरी जेवला, सभेला किती डोकी होती, हे लिहायचे आणि वर पाठवायचे. हे काम पाहायला वर्धा जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण या एका खात्याने इथल्या दोन अगदी वेगळ्या माणसांचा पिच्छा पुरवला. एक इथे जन्मला आणि वेश पालटून जगभर फिरला. दुसरा इथे येऊन राहिला आणि त्याने दार कधी लावलेच नाही.

आधी पत्त्याचाच घोळ सांगतो. 1936 मध्ये गांधीजी राहायला गेले त्या गावाचे नाव होते शेगाव. पण शेगाव म्हटले की वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यापुढे गजानन महाराजांचे, बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव उभे राहते. टपालखात्यालाही तेच वाटे. गांधीजींची पत्रे तिकडे जात, तिथून फिरून वर्ध्याला येत. अखेर 1940 मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम केले. टपालाच्या गोंधळापायी गावाचे नाव बदलल्याची उदाहरणे फार नसावीत.

पत्रे वाटेत उघडण्याचा अधिकार सरकारला कायद्यानेच होता. 1885 चा तार कायदा, त्यातले कलम 5. 1898 चा टपाल कायदा, त्यातले कलम 26. 'सार्वजनिक सुरक्षितता' असे शब्द वापरले की तार अडवता येई, पाकीट फोडता येई. पाकीट फोडण्याचे तंत्र काही थोर नाही. चहाच्या किटलीच्या वाफेवर डिंक सुटतो, पत्र काढायचे, नक्कल करायची, पुन्हा चिकटवायचे. कौशल्य असते ते पाकिटाला सुरकुती न पडू देण्यात. गांधीजींनी या कारागिरीची पंचाईतच केली होती. ते ढिगाने पोस्टकार्डे लिहीत. पोस्टकार्डाला फोडायचे काय? ते पोस्टमनही वाचतो.

हेरगिरी इंग्रजांनी इथे आणली असे मात्र समजू नका. कौटिल्याचे गूढपुरुष होतेच. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या स्वारीआधी शिवाजी महाराजांना खबर देणारा बहिर्जी जाधव नाईक जासूद भेटतो. पेशवाईत जासूद, हरकारे, काशीद, अखबारनवीस अशी माणसांची उतरंडच होती. मराठ्यांचे दिल्लीतले वकील राजकारण करत आणि दरबारची बातमीही लिहून धाडत. वकिलात आणि हेरखाते यांच्यामध्ये तेव्हा भिंत नव्हती. वर्धा नदीलाही या हेरगिरीत जागा आहे. 1803 च्या नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. नदी सरहद्द झाली. लगेच 1804 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आला, वय पंचविशीच्या आसपास. दरबारात काय शिजते हे त्याला दरबाराइतकेच लवकर कळायला हवे होते आणि त्यासाठी त्याने इथलीच रीत उचलली: पगारी बातमीदार. पुढे पेशवाई बुडवताना त्याच्या हाती पुण्यातले असेच जाळे होते. आपल्या राज्यांना हेर नव्हते म्हणून ती बुडाली नाहीत. हेर दोन्ही घरचे पगार घेऊ लागले होते.

कंपनी सरकारने मग याचे खाते केले. नर्मदेच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्याच शेजारी, विल्यम स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. एक ठग धरायचा, फाशीची भीती घालायची आणि त्याच्याकडून बाकीच्यांची नावे, नाती, गावे लिहून घ्यायची. एकेका टोळीची वंशावळच तयार होई. ठगी आणि डकैती खाते हे त्यातून जन्मले. दुसरे मूळ लष्करी आहे. 1880 च्या दशकात रशियन फौजा अफगाणिस्तानच्या अंगाने सरकू लागल्या तेव्हा सिमल्यात बसलेला जनरल चार्ल्स मॅकग्रेगर लष्कराचा गुप्तवार्ता विभाग चालवत होता. सरहद्दीपलीकडचे लष्कर बघेल, पण सरहद्दीच्या आतल्या लोकांच्या मनात काय आहे ते कोण बघणार, असा प्रश्न निघाला. त्यावर लॉर्ड डफरिनच्या प्रस्तावानुसार 23 डिसेंबर 1887 रोजी लंडनहून मंजुरी आली आणि 'सेंट्रल स्पेशल ब्रँच' उभी राहिली. भारताचा आजचा इंटेलिजन्स ब्युरो आपला जन्म याच तारखेपासून मोजतो. काँग्रेस त्याच्या दोन वर्षे आधीची, 1885 ची. दोघी एकमेकींच्या सोबतीने वाढल्या म्हणायला हरकत नाही.

1902-03 मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. फ्रेझर मध्य प्रांतात हयात घालवलेले सनदी अधिकारी. त्यांच्या शिफारशीने प्रत्येक प्रांतात सीआयडी आले आणि 1904 मध्ये वर मध्यवर्ती खाते झाले. 1 जुलै 1909 ला मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या, तेव्हा सरकारला कळले की पाळत ठेवायची तर ती विलायतेतही ठेवायला हवी. त्यातून 'इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स' ही छोटीशी, अतिशय गुप्त शाखा लंडनमध्ये निघाली. 1920 मध्ये दिल्लीच्या खात्याला आजचे नाव मिळाले. या खात्याचे 1924 ते 1931 या काळातले संचालक डेव्हिड पेट्री पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या खुद्द एमआय-5 चे प्रमुख झाले. हिंदुस्थान ही ब्रिटिश हेरगिरीची तालीम होती, असे म्हणतात ते यामुळे.

आता पहिला पत्ता. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1884 चा, वर्ध्यातला. शिक्षण वर्ध्यात आणि नागपुरात. डोक्यात लहानपणापासून एकच वेड: सशस्त्र उठाव. त्यासाठी लष्करी शिक्षण पाहिजे आणि ते हिंदुस्थानात हिंदी माणसाला कोण देणार? टिळकांचा सल्ला घेऊन विशीतला हा मुलगा जपानमार्गे अमेरिकेला गेला. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस लष्करी अकादमीत त्यांनी कवायत शिकून घेतली आणि विद्यापीठात शेतीशास्त्र. ऑरेगॉनमध्ये कॉर्वॅलिसच्या कृषी महाविद्यालयात ते शिकले. दिवसा बी-बियाणे, संध्याकाळी लाकूडगिरण्यांतल्या पंजाबी मजुरांमध्ये सभा. सोहनसिंग भकना, पंडित काशीराम यांच्याबरोबर त्यांनी संघटना बांधली. 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' पत्र निघू लागले आणि चळवळीला तेच नाव पडले.

याच किनाऱ्यावर खात्याचा माणूस हजर होता. विल्यम हॉपकिन्सन हा कलकत्त्याच्या पोलिसांतला नोकर कॅनडात व्हँकुव्हरला इमिग्रेशन इन्स्पेक्टर म्हणून बसला होता. त्याला हिंदी येई. पगडी-दाढी लावून, शीख मजुराच्या वेशात तो गुरुद्वारात जाऊन बसे असे सांगतात. हरदयाळ, तारकनाथ दास या क्रांतिकारकांच्या भाषणांचे अहवाल त्याच्याकडून दिल्लीला आणि लंडनला जात. कागदोपत्री तो होता साधा परवाने तपासणारा. 21 ऑक्टोबर 1914 रोजी व्हँकुव्हरच्या न्यायालयात मेवासिंगने त्याला गोळ्या घालून ठार केले आणि 11 जानेवारी 1915 ला मेवासिंग फाशी गेला. परदेशातल्या चळवळीवरचा खात्याचा सर्वांत तयार डोळा असा ऐन महायुद्धाच्या सुरुवातीलाच मिटला.

तरी गदरचा उठाव फसला. कसा फसला हे मराठी वाचकाने नीट पाहायला हवे, कारण त्यात आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता. बेत हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्या उठवण्याचा होता. 21 फेब्रुवारी 1915 ही तारीख ठरली. पण लाहोरच्या गटात कृपालसिंग नावाचा माणूस शिरला होता. त्याचा नातेवाईक 23 व्या घोडदळात होता आणि सूत्रे पोलिसांच्या हाती. तारीख फुटल्याचा संशय आला म्हणून उठाव दोन दिवस अलीकडे, 19 तारखेला ओढला. तीही बातमी फुटली. पलटणींची हत्यारे काढून घेतली गेली. पिंगळे हरला नाही. महिन्याभराने, 23 मार्चला, मेरठच्या छावणीत 12 व्या घोडदळाच्या लाइनीत बाँबसह पकडला गेला. 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा याच्याबरोबर त्याला फाशी दिले. सराभा 19 वर्षांचा होता. हजारो मैलांवर पसरलेली संघटना एका माणसाने आतून पोखरली. त्याला ना सांकेतिक लिपी उलगडावी लागली ना वाफेवर पाकीट उघडावे लागले. तो नुसता बैठकीला बसत होता.

सांकेतिक लिपीचेही प्रकरण झालेच, अमेरिकेत. क्रांतिकारक एकमेकांना आकड्यांनी भरलेली पत्रे लिहीत. पद्धत सोपी आणि चोख होती. दोघांनी एकच पुस्तक घ्यायचे, समजा एखाद्या सालचे दाते पंचांग. मग '47-3-11' म्हणजे पान 47, ओळ 3, अक्षर 11. पुस्तक कोणते ते माहीत नसेल तर आकडे म्हणजे नुसता कचरा. 1917 मध्ये ही पत्रे विल्यम फ्रीडमन या तरुणापुढे आली. शिकागोजवळ एका धनिकाच्या रिव्हरबँक नावाच्या खासगी प्रयोगशाळेत तो होता, मुळात अनुवंशशास्त्रासाठी नेमलेला. खानखोज्यांप्रमाणे त्याचेही मूळ शिक्षण बियाण्यांकडचे, ही आणखी एक गंमत. पुस्तक हातात नसताना त्याने आकड्यांच्या जवळिकीवरून शब्द ओढून काढले: एकाच ओळीतली अक्षरे मिळून शब्द होतात, एक शब्द कळला की शेजारचे कळतात. सापडलेल्या शब्दांवरून पुस्तक राजकारणावरचे आहे एवढे उमगले आणि शोध घेतल्यावर ते सापडलेही: प्राइस कॉलियरचे 'जर्मनी अँड द जर्मन्स'. पुढे अमेरिकेच्या संकेतलिपीशास्त्राचा जनक म्हणून नावाजला गेलेला हा माणूस आपल्या क्रांतिकारकांच्या पत्रांवर हात बसवून मोठा झाला.

खानखोजे या धरपकडीत सापडले नाहीत, कारण ते तेव्हा इराणात होते. महायुद्ध सुरू होताच ते तुर्कस्तानमार्गे तिकडे गेले, मुसलमानी नाव घेतले, टोळ्यांमध्ये मिसळले आणि पर्सी साइक्सच्या इंग्रजी फौजेशी लढले. पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, 1921 मध्ये मॉस्को, आणि 1924 मध्ये मेक्सिको. तिथे मात्र वेश उतरवला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या जातींवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. डिएगो रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस आहे, तो खानखोज्यांवरून काढलेला असे सांगतात. पण काळ्या यादीतले नाव पुसले गेले नाही. घरी परतण्याची वाट बंदच राहिली.

खानखोज्यांच्या बाबतीत खात्याने चुकीचे काही केले असे मला वाटत नाही. सरकार उलथवायला निघालेल्या माणसाच्या मागे सरकार जाणारच. दोघांनाही खेळाचे नियम माहीत होते. पंचाईत झाली ती दुसऱ्या पत्त्यापाशी.

सेवाग्रामला लपवलेले काही नव्हते. कुणीही यावे, बसावे. जून 1942 मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर राहिला आणि त्याने रोजच्या बोलण्याचे पुस्तकच छापले. गांधीजी पुढे काय करणार ते 'हरिजन'मध्ये आधीच लिहीत. 6 ते 14 जुलै 1942 या काळात काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली, 14 ला इंग्रजांनी राज्य सोडून जावे असा ठराव झाला आणि तो सगळ्या जगाने वाचला. इतकेच नाही, तर ठरावाचा अर्थ समजावून सांगायला गांधीजींनी आपल्या शिष्या मीराबेन यांना थेट दिल्लीला व्हाइसरॉयकडे धाडले. व्हाइसरॉयने भेट नाकारली. त्याचे खासगी सचिव लेथवेट भेटले. बंड करणारा आपला बेत सांगायला स्वतःच्या घरचे माणूस पाठवतो आणि सरकार म्हणते, भेटत नाही, आमच्याकडे अहवाल आहेत.

अहवाल कसे येत? ठाण्यावरून जिल्हा पोलीस अधीक्षकाकडे, तिथून नागपूरला प्रांताच्या सीआयडीकडे, आणि मुख्य सचिवाचा पाक्षिक अहवाल दिल्लीच्या गृहखात्याकडे. वर्धा हे मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास या लोहमार्गांचे नाके. पुढाऱ्यांना यायला सोपे, तसे फलाटावर उभ्या असलेल्या साध्या वेशातल्या शिपायालाही सोपे. आमच्याकडे अजून 'त्याच्यामागे सीआयडी लागली' असे स्त्रीलिंगी बोलतात, जणू ती एखादी साडेसाती आहे. प्रत्येक पायरीवर बातमी गाळली जाई, आणि गाळणारा माणूस वरच्याला काय ऐकायला आवडेल ते जाणून असे. 1942 मध्ये वरच्यांना एकच गोष्ट ऐकायची होती: काँग्रेस जपानला मिळाली आहे.

भीती बिनबुडाची नव्हती. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, 6 एप्रिल 1942 ला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बाँब पडले होते. त्याच महिन्याअखेर अलाहाबादला काँग्रेसची बैठक झाली. गांधीजी गेले नाहीत. त्यांनी सेवाग्रामहून ठरावाचा मसुदा मीराबेनच्या हाती पाठवला. त्यात म्हटले होते की हिंदुस्थान स्वतंत्र झाला तर त्याचे पहिले पाऊल बहुधा जपानशी वाटाघाटीचे असेल. नेहरूंनी त्यावर कडक आक्षेप घेतला, मसुदा बदलला गेला. पोलिसांनी मग काँग्रेसच्या अलाहाबाद कचेरीवर छापा घालून हे कागद उचलले आणि सरकारने ते 4 ऑगस्टला, मुंबईच्या अधिवेशनाच्या तोंडावर छापून टाकले. गुप्तवार्ता खात्याने मिळवलेला कागद वर्तमानपत्रांना द्यायचा, तोही आपल्याला हवा तेव्हा, हा डाव आज आपल्याला जुनाच वाटतो.

पण त्याच वेळी दुसरे कागद होते. जपानी फौज ओरिसाच्या किनाऱ्यावर उतरली तर लोकांनी काय करायचे, हे पाहायला गांधीजींनी मीराबेनना तिकडे पाठवले होते. त्यांनी तिथून प्रश्न लिहून पाठवले आणि 31 मे 1942 रोजी सेवाग्रामहून गांधीजींचे उत्तर गेले. सार असे: जपान्यांना कसलीही मदत नाही, पूर्ण असहकार, काही सोसावे लागले तरी. मीराबेननी आगाखान पॅलेसच्या कैदेतून 24 डिसेंबर 1942 ला ही सगळी प्रश्नोत्तरे लिनलिथगोला लिहून पाठवली. उत्तर आले नाही. उलट फेब्रुवारी 1943 मध्ये सरकारने 'काँग्रेस रिस्पॉन्सिबिलिटी फॉर द डिस्टर्बन्सेस' ही पुस्तिका काढली. आत पुरावा म्हणून मुख्यतः गांधीजींचे छापील लेख. जे 'हरिजन'चा वर्गणीदार काही पैशांत वाचत होता ते सरकारने कात्रणे कापून, कट म्हणून मांडले. यापलीकडे एक खरोखर गुप्त अहवालही होता, सनदी अधिकारी विकेंडन यांनी तयार केलेला. तो 1976 मध्ये पी. एन. चोप्रांनी संपादित करून प्रसिद्ध केला. वाचावा असा आहे. सगळी माहिती हातात असूनही माणूस ठरवलेल्या निष्कर्षाकडे कसा चालत जातो, ते त्यात दिसते.

9 ऑगस्टच्या पहाटे पुढारी उचलले. गांधीजी पुण्याला, कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात. ही कामगिरी खात्याच्या दृष्टीने बिनचूक होती: याद्या तयार, पत्ते पक्के, एकही मोठा मासा सुटला नाही. डोके कापले की धड पडेल असा हिशेब.

आठवड्याभराने, 16 ऑगस्टला, नागपंचमी होती. वर्धा जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला असलेल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, गावकरी पडले, संतापलेल्या जमावाने पोलिसांनाही मारले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला तेच झाले, आणि मागून आलेल्या फौजेने गावावर जे अत्याचार केले ते आजही तिथे सांगितले जातात. सेवाग्रामवर इतकी वर्षे पाळत होती, पण त्याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या ठाण्यात त्या दिवशी मूठभर शिपाई होते. या गावांत सेवाग्रामच्या बैठकांपेक्षा भजने गाणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा आवाज जास्त पोचला होता. सरकारला हे उशिरा सुचले. महाराजांना ऑगस्टच्या अखेरीस पकडले. ज्या खात्याला पाक्षिक अहवालात पुढाऱ्याचे नाव लिहायची सवय, त्याला भजन कोणत्या रकान्यात लिहावे हे कळले नसावे. हा माझा तर्क आहे.

मग माहिती दाबण्याचा अध्याय सुरू झाला. चिमूरची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भणसाळी यांनी 11 नोव्हेंबर 1942 पासून उपोषण धरले. त्यांची बातमी छापायला सरकारने बंदी केली. भणसाळी चालत चिमूरला निघत, पोलीस धरून परत आणत. बंदीच्या निषेधार्थ 6 जानेवारी 1943 रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंक काढला नाही. अंकच नाही म्हटल्यावर जे छापायचे नव्हते ते सगळ्यांना कळले. 12 जानेवारीला, 63 दिवसांनी, उपोषण सुटले.

1947 मध्ये मालक बदलला. इंटेलिजन्स ब्युरो राहिला, त्याचे पहिले भारतीय संचालक टी. जी. संजीवी झाले. 1968 मध्ये परदेशातल्या कामासाठी 'रॉ' वेगळी निघाली, कारगिलनंतर 2002 मध्ये तिन्ही सेनादलांची मिळून डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आली. आयबीला आणि 'रॉ'ला संसदेने केलेला स्वतःचा असा कायदा मात्र आजवर नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 ने दोघांनाही वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी एवढाच अपवाद. 1898 चा टपाल कायदा जाऊन 2023 चा आला, 1885 चा तार कायदा जाऊन 2023 चाच दूरसंचार कायदा आला. अडवण्याचे, उघडण्याचे अधिकार दोन्हींत आहेत.

आणि पहिला पत्ता? 1949 मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने खानखोज्यांना शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावले. चाळीसहून अधिक वर्षांनी हा माणूस घरी निघाला. जेथे स्वतंत्र भारताच्या सरकारचा पाहुणा म्हणून यायचे, तेथेच त्यांची वाट अडली. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत नाव होते आणि ती यादी कारकुनांच्या कपाटात जशीच्या तशी होती. मागाहून अडथळा दूर झाला. ते पुढे नागपूरला स्थायिक झाले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. चापिंगोला 2022 मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, अनावरणाला आपले लोकसभाध्यक्ष गेले होते.

सेवाग्रामला जाल तेव्हा तो फोन अवश्य पाहा. आणि परतीच्या गाडीला वेळ असेल तर वर्ध्यात दोनचार लोकांना विचारा, खानखोजे कोण होते म्हणून.